नाममुद्रा आणि मालकी

लक्ष्मीपूजनाची अमावास्या सरली की पंधरा दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमा येते, आणि बीड जिल्ह्यातील कपिलधारच्या वाटेला दिंड्या लागतात. मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरात, धबधब्याच्या सान्निध्यात मन्मथस्वामींची समाधी आहे. 'परमरहस्य' या ओवीबद्ध ग्रंथाचे हे कर्ते. त्यांना होऊन चारशे वर्षे लोटली, तरी मराठवाड्यातील वीरशैव घरांतून त्या ग्रंथाचे पारायण चालते, शिवनाम सप्ताह होतात आणि शिवकीर्तनात त्यांचे अभंग म्हटले जातात. आमच्या वाङ्मयेतिहासकारांनी वारकऱ्यांना आणि महानुभावांना जेवढी पाने दिली, त्याचा दशांशही या मंडळींच्या वाट्याला आला नाही. पण ज्या ग्रंथाला नित्य वाचणारी माणसे मिळाली, त्याचे इतिहासकारावाचून फारसे अडत नाही.

आता या दिंडीत टाळ-मृदंगाच्या जोडीला आणखी एक वस्तू आली आहे. जवळजवळ प्रत्येकाच्या हाती मोबाईल असतो. कोणी कीर्तन टिपतो, कोणी धबधब्याच्या चित्रावर अभंग चढवून छोटीशी फिल्म करतो आणि ती यूट्यूबवर टाकतो. आणि मग एके दिवशी त्याला कळविण्यात येते की, या फितीतील आवाज दुसऱ्या कोणाच्या मालकीचा आहे. तो गोंधळतो. अभंग मन्मथस्वामींचा, शेवटच्या चरणात त्यांचेच नाव, गाणारा आपल्या गावचा; मग हा मधला मालक आला कोठून?

हा प्रश्न वकिलाचा आहे असे समजून साहित्याचे अभ्यासक तो बाजूला सारतात. मला तो मुळात समीक्षेचाच प्रश्न वाटतो. 'ही कृती कोणाची?' हे विचारल्यावाचून समीक्षेला पहिले पाऊल टाकता येत नाही. आणि कायदाही नेमके तेवढेच विचारतो. फरक एवढाच की, कायद्याला उत्तरासाठी तारीख लागते, आणि आम्हांला कान लागतो.

प्रथम शब्दच पाहू. 'कॉपीराइट'ला मराठीत दोन शब्द रूढ आहेत. एक 'स्वामित्वहक्क', दुसरा सरकारी बैठकीतला 'प्रताधिकार'. पहिला शब्द ऐकायला भारदस्त, पण दिशाभूल करणारा. कारण तो ऐकताच मनात शेत, वाडा, विहीर अशा स्थावराची मालकी उभी राहते. दुसरा शब्द थोडा रुक्ष आहे, परंतु अधिक खरा. हा हक्क मुख्यतः 'प्रती'वरचा आहे: प्रत काढणे, ती विकणे, तिचा प्रयोग करणे, भाषांतर करणे, तिच्यावरून दुसरे काही रचणे. कवितेतील भाव, कथेतील कल्पना, इतिहासातील घटना यांवर तो चालत नाही. ज्या कपिलधारला 'स्वामी' या शब्दाचा अर्थ सर्वसंगपरित्यागी असा होतो, तेथे 'स्वामित्व' म्हणजे मालकी हे सांगताना जीभ अडखळावी हे ठीकच आहे.

आमच्या जुन्या कवींची व्यवस्था निराळी होती. प्रत काढण्याला कोणाची मनाई नव्हती. उलट ग्रंथ उतरवून घेणे हे पुण्यकर्म होते. परंतु शेवटच्या चरणात कवी आपले नाव गुंफून ठेवी. हीच नाममुद्रा. ज्ञानदेव, नामदेव, जनाबाई, तुकोबा, मन्मथस्वामी, सर्वांनी ती वापरली आहे. तिला कोणी आजच्या 'सर्व हक्क स्वाधीन'चा पूर्वज म्हणतात. मला ते पटत नाही. मुद्रा उमटविणारा कवी 'हे माझे आहे, हात लावू नका' असे म्हणत नसतो; 'हे मी बोललो आहे, याचा जाब मला विचारा' असे म्हणत असतो. म्हणून तर 'शब्द माझे नव्हेत, देवच बोलवितो' असे सांगणारे तुकाराम दुसऱ्या श्वासात आपले नाव घालतात, आणि त्यात विसंगती वाटत नाही.

याची कसोटी लागली ती सालोमालोच्या प्रकरणात. हा गृहस्थ तुकोबांचे अभंग घेऊन त्यांत आपले नाव घालून म्हणे, अशी परंपरा आहे; आणि तुकोबांच्या गाथेत त्याच्यावर रागावून लिहिलेली रचनाही आहे. वाङ्मयचौर्याची मराठीतली ही बहुधा सर्वांत गाजलेली फिर्याद. पण फिर्यादीचा सूर पाहा. बुडालेल्या उत्पन्नाचा तीत उल्लेखही नाही. ज्याने सावकारीची खते इंद्रायणीत बुडविली असे म्हणतात, तो अभंगांचा हिशेब काय मागणार? राग आहे तो अनुभवावाचून शब्द मिरविणाऱ्यावर. सालोमालोने चोरले ते द्रव्य नव्हे, साक्ष चोरली.

मौज अशी की, आमच्याकडे याच्या उलट चोरी कितीतरी पटीने अधिक झाली. दुसऱ्याच्या रचनेवर आपले नाव घालणारे थोडे. आपल्या रचनेवर थोरांचे नाव घालणारे असंख्य. कोण्या अज्ञात भक्ताला चार ओळी सुचल्या, त्याने 'तुका म्हणे' किंवा 'नामा म्हणे' घालून त्या भजनात सोडून दिल्या. हेतू बहुधा निर्मळच असेल. पण परिणाम असा की एका गाथेत अभंगांचा एक आकडा, दुसरीत दुसरा, आणि संपादक डोके धरून बसलेला. विष्णुपरशुरामशास्त्री पंडितांनी १८६९ ते १८७३ या काळात सरकारी आश्रयाने तुकारामांची गाथा सिद्ध केली, तेव्हापासून आजतागायत हे निवडणे-टिपणे चालूच आहे. कायद्याला या उलट्या चोरीचे फारसे सोयरसुतक नाही. येथे समीक्षकालाच न्यायाधीश व्हावे लागते.

एकनाथांनी हे काम छापखाना येण्याच्या फार आधी केले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावले की या पाठात कोणी पदरची ओवी घालू नये. विचार करा: स्वतः एवढा समर्थ कवी, ज्याला ज्ञानेश्वरीच्या तोडीचा भास होईल अशी ओवी सहज रचता आली असती, तो दुसऱ्याच्या ग्रंथाच्या दारावर पहारा करीत उभा राहतो. आजच्या प्रताधिकार कायद्याच्या ५७ व्या कलमात लेखकाचे दोन खास हक्क सांगितले आहेत. एक, कृती आपली आहे असे म्हणण्याचा. दुसरा, तिची मोडतोड करून आपल्या लौकिकाला बाध आणणाऱ्याला रोखण्याचा. पैशाचे हक्क विकून टाकले तरी हे दोन लेखकापाशीच राहतात. मला या कलमाच्या पहिल्या अर्ध्यात नाममुद्रा दिसते आणि दुसऱ्या अर्ध्यात नाथांचा पहारा. बाकीचा सारा कायदा बाजारातून आला. हे एक कलम जणू देवळातून आले असावे असे वाटते. (इतिहास तसा नाही, ते युरोपातूनच आले.)

हे कलम कागदावरच राहिले असेही नाही. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या 'आपका बंटी' या कादंबरीवरून 'समय की धारा' हा चित्रपट काढला गेला, तेव्हा आपल्या कथेचे विद्रूपीकरण झाले म्हणून त्या दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेल्या, आणि चित्रपटाचे हक्क विकल्यावरही लेखिकेला तक्रार करता येते हे तेथे मान्य झाले. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे विज्ञान भवनातील भित्तिशिल्प सरकारने उतरवून गोदामात टाकले. २००५ साली त्याच न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन शिल्प परत देवविले व नुकसानभरपाईही देवविली.

हक्काची छापील भाषा आमच्याकडे आली ती कंपनी सरकारच्या १८४७ च्या विसाव्या कायद्याबरोबर. त्यानंतर १८६७ चा पंचविसावा कायदा झाला, आणि जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठामागे त्या 'आक्टा'प्रमाणे नोंद केल्याचा उल्लेख दिसू लागला. ज्यांच्या घरी आजोबांची पेटी आहे त्यांनी या सुटीत उघडून पाहावी. पोथीच्या शेवटी असे ती फलश्रुती, आणि पुस्तकाच्या आरंभी आली ती ताकीद. १९१४ च्या कायद्यात एक चमत्कारिक तरतूद होती: हिंदुस्थानात प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे भाषांतर करण्याचा खास हक्क लेखकाला दहाच वर्षे. तेवढ्यात एखाद्या भाषेत अधिकृत भाषांतर न झाले तर ती भाषा सर्वांना मोकळी. बंगाली कथा-कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या आमच्या भाषांतरकारांवर ज्यांना लिहावयाचे आहे, त्यांनी आवडीनिवडीबरोबर या दहा वर्षांच्या मुदतीचाही विचार करावा.

स्वतंत्र भारताचा कायदा १९५७ चा. तो २१ जानेवारी १९५८ पासून अंमलात आला. त्यात पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या, त्यांत १९९४ ची आणि २०१२ ची मोठी. लेखकाच्या हयातीनंतरची मुदत आरंभी पन्नास वर्षांची होती, ती १९९२ मध्ये साठ झाली. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, त्यांच्या ग्रंथांची मुदत संपत आली होती, आणि विश्वभारतीची चिंता हे त्या वाढीचे निमित्त झाले. निमित्त बंगाली, लाभ सर्व भाषांना. मुदत मोजावयाची ती लेखक गेला त्याच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून.

ही मोजणी घरगुती उदाहरणांनी करून पाहिली म्हणजे गंमत कळते. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. म्हणून 'श्यामची आई' हे पुस्तक २०११ च्या आरंभापासून सर्वांचे झाले. कोणीही छापावे, कोणीही त्याचे नाटक करावे. आचार्य अत्र्यांनी त्यावर १९५३ साली चित्रपट काढला. चित्रपटाची मुदत प्रदर्शनानंतर साठ वर्षे, म्हणजे २०१३ अखेर तीही संपली. तेव्हा कोणी उत्साही तरुण म्हणेल की, चला, आता चित्रपटातील गाणे उचलून आपल्या फितीवर चढवू. तेथे तो फसेल. अत्रे १९६९ साली गेले. त्यांच्या लेखणीचे शब्द २०२९ अखेरपर्यंत राखलेले आहेत. संगीत वसंत देसायांचे. ते १९७५ साली गेले, त्यांच्या चाली २०३५ अखेरपर्यंत. म्हणजे मूळ गोष्ट मोकळी, पडद्यावरची फीत मोकळी, आणि तिच्या पोटातले गाणे बांधलेले.

'गीतरामायणा'चेही असेच. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून पहिले गीत गेले, पुढे छप्पन्न गीतांची माळ झाली. कथा वाल्मीकीची, ती कोणाच्या बापाची नव्हे. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, ते १४ डिसेंबर १९७७ ला गेले, म्हणून २०३७ अखेर. चाली सुधीर फडक्यांच्या. ते २९ जुलै २००२ ला गेले, म्हणून २०६२ अखेर. मधली पंचवीस वर्षे अशी येणार आहेत की हे शब्द कोणीही छापू शकेल, पण त्या चालीत गाऊन विकता येणार नाही. ज्या श्रोत्याच्या मनात शब्द आणि चाल एकजीव झाली आहेत, त्याला हे शरीर-आत्म्याच्या ताटातुटीसारखे वाटेल. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते आरंभापासूनच दोन आहेत.

आता कपिलधारच्या तरुणाच्या गोंधळाकडे परत येऊ. मन्मथस्वामींच्या ओव्यांवर, तुकोबांच्या अभंगांवर आज कोणाचाही प्रताधिकार नाही. परंतु लता मंगेशकरांनी गायिलेले तुकोबांचे अभंग घ्या. शब्द सतराव्या शतकातले, मोकळे. चाली श्रीनिवास खळ्यांच्या, ते २०११ साली गेले, तेव्हा २०७१ अखेरपर्यंत राखलेल्या. आणि ध्वनिमुद्रिका ज्या कंपनीची तिची, प्रसिद्धीपासून साठ वर्षे. एका अभंगावर असे तीन थर असतात. तरुणाने फितीवर चढविलेला अभंग बाजारातल्या ध्वनिमुद्रिकेतून उचलला असेल तर त्याच्याकडे आलेली हरकत बरोबर आहे. मन्मथस्वामींचे नाव शेवटच्या चरणात आहे हा बचाव तेथे चालत नाही. पण त्याने गावच्या भजनी मंडळाचे, परंपरेच्या चालीतले गाणे स्वतः टिपले असेल आणि तरीही हरकत आली, तर चूक यंत्राची आहे. ते यंत्र ध्वनीशी ध्वनी पडताळून पाहते. दोन मंडळे तीच जुनी चाल तशाच ठेक्यात म्हणत असतील तर त्याला ती एकच वाटू शकतात. ओवी चारशे वर्षांची आहे, चाल कोणा एकाची नाही, हे त्याला कोण सांगणार? ते सांगणे तरुणाचे काम; हरकतीवर प्रतिहरकत घेण्याची सोय असते. बहुतेक जण ती घेत नाहीत. मालक म्हणून कोणाचे तरी नाव आले, एवढ्यानेच माणसे दबकतात आणि आपल्या आजोबांचे गाणे आपल्या हाताने काढून टाकतात. मला या प्रकाराची सालोमालोपेक्षा अधिक धास्ती वाटते, कारण सालोमालोला गावात ओळखणारे लोक होते.

पोथीच्या छापील प्रतीबाबतही असाच घोळ होतो. ओव्या मोकळ्या आहेत म्हणून कालपरवा प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीची पानेच्या पाने कोणी छायाचित्रे काढून वाटू लागला, तर संपादकाची प्रस्तावना, अर्थ, टिपा, शब्दकोश यांचीही लूट होते. आणि ती त्या संपादकाची आहेत. नुसत्या पाठशुद्धीचे काय, हा मात्र नाजूक मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने 'ईस्टर्न बुक कंपनी' खटल्यात असे ठरविले की, केवळ घाम गाळला एवढ्याने हक्क उत्पन्न होत नाही, कामात थोडीतरी स्वतःची बुद्धी व निवड दिसली पाहिजे. तेथे प्रश्न न्यायनिर्णयांच्या संपादित पाठाचा होता. हे तत्त्व आमच्या संतवाङ्मयाच्या संपादकांना लावले तर त्यांच्यापैकी कित्येकांची पंचाईत होईल. दहा हस्तलिखिते जमवून, पाठ तोलून, निवाडा देणारा संपादक एकीकडे; जुन्या शिळाप्रतीवरून जशीच्या तशी जुळणी करून वर आपले नाव ठोकणारा दुसरीकडे. दोघांच्याही पुस्तकावर 'सर्व हक्क राखीव' सारख्याच टायपात छापलेले असते.

नाटक-चित्रपट करणाऱ्यांची शंका आणखी निराळी. मन्मथस्वामींच्या चरित्रावर कोणी नाटक लिहू पाहील तर त्याला परवानगी लागेल काय? चरित्रातील घटना, परंपरेतील आख्यायिका कोणाच्या मालकीच्या नाहीत. परंतु एखाद्या आधुनिक कादंबरीकाराने कल्पनेने उभा केलेला प्रसंग, त्याने घातलेले संवाद हे त्याचे आहेत. आमच्या शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत माधवराव आणि रमाबाई यांचे प्रवेश हौसेने होतात, तेव्हा मुले इतिहास बोलत आहेत अशी सर्वांची समजूत असते. पुष्कळदा ती रणजित देसायांच्या 'स्वामी'तील वाक्ये बोलत असतात. थेऊरचे सहगमन इतिहासाचे आहे. १९६२ सालच्या कादंबरीतील भाषा देसायांची, आणि ते १९९२ साली गेल्यामुळे २०५२ अखेरपर्यंत राखलेली. आर. जी. आनंद यांचे 'हम हिन्दुस्तानी' हे नाटक आणि 'न्यू दिल्ली' हा १९५६ चा चित्रपट यांच्यावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हीच रेघ आखून दिली: कल्पना सर्वांची, मांडणी ज्याची त्याची. आनंद हरले. प्रांतभेदाची कल्पना दोन्हींत होती, पण मांडणी वेगळी, असे न्यायालयाला दिसले. तो निकाल वाचताना जाणवते की न्यायमूर्तींनी नाटक आणि चित्रपट यांची तुलना पात्रापात्राने, प्रसंगाप्रसंगाने केली आहे. आमच्या वृत्तपत्री परीक्षणांत एवढी मेहनत क्वचितच दिसते.

हौशी मंडळींसाठी कायद्याने काही खिडक्या उघड्या ठेवल्या आहेत. धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी किंवा तिकीट न लावता हौशी मंडळाने केलेला प्रयोग, शाळेच्या कामकाजात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेला प्रयोग, परीक्षण-समीक्षेसाठी घेतलेला वाजवी उतारा यांना मुभा आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणे वाजविण्या-म्हणण्यालाही आहे, आणि धार्मिक समारंभात विवाहाची वरात व त्या अनुषंगाचे सोहळे येतात असे कायदाच सांगतो. या शेवटच्या वाक्यावरून गोव्यात वाद झाला. हॉटेलांतून होणाऱ्या लग्नांत संगीतासाठी परवाने मागू नयेत असे परिपत्रक तेथील सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते रद्द केले. कायद्यातली सूट कोठवर जाते हे परिपत्रकाने ठरवावयाचे नसते.

याच खिडकीतून आमची एक लाडकी लबाडी आत येते. ती म्हणजे सिनेमाच्या चालीवर बसविलेले भजन. सप्ताहात कोणी ते म्हटले तर धार्मिक समारंभ म्हणून चालून जाते. त्याची फीत काढून विकली किंवा चित्रासह प्रसिद्ध केली की संगीतकाराचा हक्क आड येतो. येथे कायदा आणि रसिकता यांचे मत मला एक झालेले दिसते, आणि असे वारंवार घडत नाही. ज्या परंपरेला स्वतःच्या शेकडो चाली आहेत, तिने गेल्या आठवड्याच्या चित्रपटाकडे हात पसरावा याचे कारण आळस, दुसरे काय? कपिलधारच्या वाटेवर अजून जुन्या चाली ऐकू येतात. त्या टिपून ठेवल्या पाहिजेत. त्यांना कोणाची परवानगी नको, फक्त ज्यांच्या कंठात त्या आहेत त्यांचा होकार हवा.

आणि हा होकार म्हणजे केवळ शिष्टाचार नव्हे. १९९४ च्या दुरुस्तीपासून प्रत्यक्ष गाणाऱ्या-वाजविणाऱ्यालाही कायद्याने हक्क दिला. 'सादर करणारा' कोण, याच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्या पंगतीला डोंबारी, जादूगार आणि गारुडीही बसविले आहेत. कायद्याच्या पुस्तकात गारुडी पाहून मला फार आनंद होतो. गाणाऱ्याच्या संमतीवाचून त्याचे गाणे टिपता येत नाही, आणि हा हक्क पन्नास वर्षे टिकतो. २०१२ पासून तर आपले नाव लावले जावे, आपल्या गायनाची विकृती होऊ नये, असेही त्याला म्हणता येते. ओवी मोकळी असेल, चाल मोकळी असेल, पण मांजरसुंब्याच्या चढावर म्हटलेली ती ओवी त्या बाईची आहे. शहरातून कॅमेरा घेऊन आलेल्या माणसाला 'लोकगीत' हा शब्द फार सोयीचा वाटतो. लोकगीत म्हणजे लोकांचे. लोक म्हणजे कोणी नाही. आणि कोणी नाही म्हणजे मीच. असा तो हिशेब असतो. मग फितीखाली निर्मात्याचे, छायाचित्रकाराचे, प्रायोजकाचे नाव येते, आणि गाणारीच्या जागी 'पारंपरिक' एवढा एक शब्द उरतो.

असे होऊ न देता काम करता येते याचे उदाहरण बीड जिल्ह्यातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी वर्षानुवर्षे महाराष्ट्रातील गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. हा संग्रह पुढे 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने हाती घेऊन २०१७ पासून प्रसिद्ध करावयास आरंभ केला. त्यात माजलगावच्या भीमनगरातील बायकांनी डॉ. आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्या आहेत. ओवी ही जात्यावर एकीने दुसरीला दिलेली. तिची मूळ कर्ती शोधणे व्यर्थ. परंतु प्रत्येक गाणारीचे नाव, गाव तेथे नोंदलेले आहे, आणि पुष्कळजणींचे छायाचित्रही. अक्षरओळख नसलेल्या बायांनी आयुष्यभर ओवी गायिली, पण तिच्या खाली त्यांचे नाव तोवर कोणी लिहिले नव्हते.

वीरशैव परंपरेतील गाण्यांचा असा संग्रह कोणी करील तर त्याने आरंभी एक साधा कागद तयार करावा. कोणी गायिले, कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, चाल कोणाकडून शिकली, आणि फीत कोठे कोठे लावण्यास गाणाऱ्याची हरकत नाही. हक्क लिहून द्यावयाचे तर मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहावे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. कागद मराठीत असावा, मोठ्याने वाचून दाखवावा, आणि एक प्रत गाणाऱ्याच्या घरी ठेवावी. यंदाची त्रिपुरी पौर्णिमा जवळ आली आहे. कपिलधारला जे मोबाईल घेऊन निघाले असतील, त्यांनी एक वहीही बरोबर घ्यावी.